शेवटचं नाव माझं होतं

स्क्रीनवर देविदासचं नाव दिसलं आणि मी फोन उचलला नाही. ऑगस्टचे शेवटचे दिवस, सकाळचे साडेनऊ. वाटलं, परत बिलांसाठी मागे लागला असेल. मी अमरावतीला घरी बसून पुस्तकांची मुखपृष्ठं करते. कोणत्या प्रकाशकानं किती दिले, टीडीएस किती कापला, मला धड सांगता येत नाही. मावसभाऊ असला तरी दरवर्षी त्याच्यापुढे चोरासारखं बसायचा कंटाळा यायचा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. आवाज त्याच्या बायकोचा, सुनंदाचा होता. “ताई, अकोल्याले निघा,” एवढंच म्हणाली... का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. बडनेरा सुटेपर्यंत मी स्वतःला सांगत होते, दवाखान्यात असेल.

देविदासनं नोकरी सोडली आणि माझ्यासारख्यांचीच आयकर रिटर्न भरायला घेतली. फोटोग्राफर, भाषांतर करणारे, लग्नात गाणारे. ज्यांना पगार नाही आणि बिल लिहायची लाज वाटते अशी माणसं. मोर्शीचा एक फोटोग्राफर वर्षभराच्या चिठ्ठ्या अल्बमच्या खोक्यात कोंबून आणायचा. देविदास आधी शिव्या घालायचा आणि मग एकेक चिठ्ठी सरळ करून लावायचा. त्याची एक रीत मात्र चुकीचीच होती. आमच्यातल्या फार घाबरट तिघा-चौघांच्या नावापुढे पोर्टलवर तो स्वतःचा मोबाईल नंबर टाकायचा. त्यात मी पहिली. खात्याचा मेसेज पाहून तुमचा जीव घाबरा होतो, त्यापेक्षा मलाच येऊ द्या, असं त्याचं म्हणणं. बाकीचे आलेला प्रत्येक मेसेज त्याच्याकडे ढकलून मोकळे व्हायचे. सगळ्यांची धास्ती त्या एका फोनवर येऊन पडायची, अगदी तो ताटावर बसलेला असतानासुद्धा, आणि आम्ही निवांत होतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला तो एका लग्नाला अमरावतीला आला होता. हॉल दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्यातच तो खाली बसला, छातीवर हात, शर्ट पाठीला चिकटलेला. ऊन लागलं म्हणाला. मी म्हटलं, आजच्या आज डॉक्टरला दाखव. तो वैतागला. “जुलै होऊ दे ना. सगळ्याईचे भरून झाले की दाखवतो. काहून मागे लागून राहिली?” एक ऑगस्टच्या चौकोनात कॅलेंडरवर लिहूनही ठेवलंय, म्हणाला.

आणि मग रिटर्नची तारीख सप्टेंबरपर्यंत वाढली. सगळ्यात जास्त आनंद मला झाला. तेव्हा फोनवर डॉक्टरचं विचारलं तर हसला. “मलेबी मुदतवाढ भेटली ना, ताई.” मीही हसले. ते हसणं मला आजही माफ करता येत नाही...

जुलैत त्याचा आवाज बदलला. दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचा. डाव्या हाताला मुंग्या येतात, म्हणून एकाच हातानं टाईप करतो, हे असं सांगायचा की जणू कीबोर्डच बिघडलाय. हे सगळं मी ऐकत होते. पोळ्याच्या आसपास त्यानं सांगितलं, सगळ्यांचे कागद आले, तुझेच राहिले. तुझं झालं की मी मोकळा. मी चार दिवस मागितले. चारचे दहा झाले. काम होतं असं नाही, नुसता आळस होता.

तेरावं झाल्यावर, वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी पुन्हा अकोल्याला गेले. पासवर्ड मला कधीच माहीत नव्हता आणि आत शिरायचा ओटीपी त्याच्याच फोनवर येणार होता. तो फोन सुनंदानं बंद होऊ दिलेला नाही. टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो आणि कुणाचे कुणाचे मेसेज येऊन मधूनच थरथरतो. तो वाजला की ती स्वयंपाकघरातून हात पुसत येते. त्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच सगळी बिलं तारखेनुसार लावून आणली होती. फोन थरथरला. सुनंदानं सहा आकडे शाळेतल्या मुलीसारखे सावकाश वाचून दाखवले. चुकत, पुन्हा मागे जात, दुपारपर्यंत रिटर्न भरून झालं. मग तिनं त्याची वही पुढे केली. नावांची यादी, प्रत्येक नावापुढे लाल शाईची बरोबरची खूण. शेवटचं नाव माझं, त्याच्यापुढे काही नाही. तिनं लाल पेन दिलं. मी खूण केली.

मान वर केली तर समोर कॅलेंडर. सप्टेंबरचं पान, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचा चौकोन, त्यात त्याच्या बारीक अक्षरात: डॉक्टर, सकाळी अकरा. मी कसंबसं म्हटलं, हे पान उलटून ठेव गं.

सुनंदानं फोनची वायर नीट केली. “राहू द्या, ताई,” ती म्हणाली. “उद्याच हाये ना.”