दोरीवरचे कपडे

भाऊदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीला होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या." परतताना रस्त्याच्या कडेला त्या इमारती लागल्या. मी मान वर केली नाही... महिना झाला. तोंडाने कुणाला सांगणं जमलं नाही, म्हणून लिहितोय.

भाऊदादा माझा मावसभाऊ, रत्नागिरीत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. शेअरचा नाद दोघांनाही, रीत मात्र वेगळी. मी बिल्डर कंपनीचे अहवाल वाचायचो: कर्ज किती, जमीन किती, बुकिंग किती. तो सुपारी कातरत ऐकायचा आणि म्हणायचा, "बुकिंग कागदावर रे. बाल्कनीत कपडे वाळतायत काय ते बघ. दिवा वॉचमनपण लावतो, पण रिकाम्या घरात लंगोट कोण वाळत घालील, मेल्या?" गुहागरला एका लग्नात हा मांडवातून गायब. बघतो तर शेजारच्या नव्या इमारतीखाली मान वर करून उभा. वरून एका बाईंनी विचारलं, "कोण हवंय?" हा म्हणतो, "कोणी नको, तुमचं चालू दे."

पालीच्या रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या कंपनीचा शेअर बराच उतरला होता. निवृत्तीचे पैसे त्यात घालावेत का, हे त्याचं ठरत नव्हतं. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. "तू जातोसच तिकडे, जरा थांबून बघ." मी थांबलो, पाहिलं. एकाही बाल्कनीत फडकं नव्हतं. दोऱ्यासुद्धा बांधलेल्या नव्हत्या. संध्याकाळी त्याने विचारलं, "होते काय रे कपडे?"

"होते."

"बरेच?"

"बरेच," मी म्हणालो.

माझेही शेअर होते त्यात. रिकाम्या बाल्कन्या तोंडाने उच्चारल्या असत्या, तर मलाच त्या खऱ्या मानाव्या लागल्या असत्या... त्याने पैसे घातले. शेअर पुन्हा वर आलाच नाही. वहिनींना माहेरी, मुरुडला छोटंसं घर बांधायचं होतं, ते राहिलं.

पुढे कधीतरी तो कुणाच्या गाडीतून त्या रस्त्याने आला. चहा घेताना मला म्हणाला, "कपडे वाळले वाटतं सगळे. काढून नेले लोकांनी."

"कुणाचे कपडे?" वहिनींनी विचारलं.

"याच्या ओळखीचे आहेत," म्हणत त्याने माझ्यापुढे बिस्किटं सरकवली. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, असं आता वाटतं. मी बिस्किट खाल्लं.

परवा वहिनींकडे गेलो. खालूनच मान वर गेली, सवय त्याचीच. बाल्कनीत दोरीवर त्याचा निळा सदरा. पाणी ठिबकत होतं. वर गेल्यावर वहिनी आपणहून म्हणाल्या, "रोज भिजवून घालते. एकटी बाई राहते असं खालून दिसायला नको." वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याकडे येते. त्या रिकाम्या बाल्कन्यांचं त्यांना इथेच कळेल.

निघताना त्या म्हणाल्या, "ऊन गेलं. तेवढा सदरा आत घ्या, भावजी."

मी घेतला. वाळला नव्हता.