नोनीच्या चालीचं वळण

डेलिया हेहिर वाजवायला बसली की आधी डाव्या पायातला बूट काढायची. आईची सवय. बुटात ताल कोंडतो म्हणे! हसू नका, आयर्लंडातल्या आमच्या क्लेअरमध्ये याहून वेडी माणसं आहेत. हेहिरांच्या बँडात ड्रम बडवणारा मीच एक.

बँड घरचाच. बाप पॅकी व्हायोलिनवर, आमच्याकडे त्याला फिडल म्हणतात. आई नोनी आणि डेलिया कॉन्सर्टिनावर, म्हणजे दोन हातांत मावणाऱ्या भात्याच्या पेटीवर. नाच कुठलाही असो, सुरुवात नोनीच्या चालीनं. ती तिच्या आजीकडून आलेली, कागदावर कधी उतरलीच नाही. दुसऱ्या भागात एक वळण होतं, तिथं लंगड्याचेही पाय उचलायचे.

गवतकापणीच्या दिवसांत नोनी गेली. आमच्याकडे घरात मरण झालं की वर्षभर वाद्य मुकं. पॅकीनं फिडल खिळ्याला टांगलं.

एकदा अंडी द्यायला गेलो, तर डेलिया भाता मिटून नुसत्या कळा दाबत बसलेली. टक टक टक. सूर नाहीच. तेवढ्यात गोठ्यातून पॅकी आला.

"लाज नाही वाटत? आईची माती अजून ओली आहे!"

"आवाज कुठं करतेय, बाबा? दुसरा भाग विसरायला लागलेय. बोटांतून निसटला तर आणू कुठून?"

म्हाताऱ्यानं खिळ्यावरचं फिडल काढलं, गज तिथंच ठेवला आणि तिच्या शेजारी बसून तारांवर नुसती बोटं फिरवायला लागला.

"मॅटी, दात काय काढतोस? पाय आपट."

"पाय चालतो का, काका?"

"पायाला कुणी वाद्य म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही."

असं वर्ष काढलं. वर्षाची प्रार्थना झाली, आणि मग गावच्या हॉलात नाच. पहिला भाग तुपासारखा गेला. वळण आलं, आणि बापाचा सूर वर चढला, लेकीचा खाली उतरला! नाचणारे एकमेकांवर आदळले. वर्षभर मांडीला मांडी लावून दोघांनी आपापली नोनी वाजवली होती. एकमेकांची ऐकली कुणी?

डेलिया पांढरीफटक. "मॅटी, खरं कुठलं?"

ड्रमवाल्याला सूर विचारतात का कधी?

पॅकीनं गज मांडीवर ठेवला. "तुझंच वाजव, पोरी."

"आणि माझं चुकत असेल तर?"

"असू दे. वाजवायचं तुलाच आहे पुढं."

त्यानंतर पॅकीनं पुष्कळ नाच वाजवले. पण वळण आलं की गज तारेवरून उचलायचा. लोक म्हणायचे, थकला म्हातारा. बोटं मात्र फिरत असायची. डेलिया तेवढ्यापुरती भिंतीकडे तोंड करायची.

तो गेला, त्याचंही वर्ष सरलं, आणि पहिला नाच आटोपल्यावर मी तिला म्हटलं, "एकदा त्याची बोटं बघितली असतीस, तर त्याचंही वळण कळलं असतं."

"कळलं असतं, मॅटी. आणि तेच खरं निघालं असतं तर?"

आणि ती वाकून बूट घालायला लागली.