संकठा घाटावरची हरवलेली सून

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी ते एक प्रकरण मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकात मी बनारसच्या एका ठाण्यात दरोगा, म्हणजे फौजदार, होतो. आमचंही घर तिथलंच, मराठी. संकठा घाटाजवळच्या मराठी घरातले एक शिक्षक बायको हरवल्याची नोंद करायला आले. इस्त्रीचा सदरा, मऊ बोलणं. बायको बावीस वर्षांची, साताऱ्याकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली. "घरात काही कमी नव्हतं हो तिला," ते म्हणाले.

आठव्या दिवशी एका नावाड्याने खबर दिली. "साहब, रामनगर में पापड़ वाली के यहाँ एक मराठिन बहू टिकी है."

मी साध्या कपड्यांत गंगेपलीकडे रामनगरला गेलो. ती पापड लाटत होती. पापडवालीला तिच्याशेजारी बसवून मी नेहमीचे प्रश्न विचारले. "पति मारता है? दारू? दहेज?" तिने तिन्ही वेळा मान हलवली. नाही.

मग मी मराठीत विचारलं, "मग घर का सोडलंस, पोरी?"

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. बराच वेळ रडली.

"मी नाही म्हटलं तरी ते ऐकत नाहीत, साहेब. अंगात ताप असला तरी नाही. आईला लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, नवऱ्याला नाही म्हणू नये." मग म्हणाली, "तरी मला आईकडेच जायचंय. एकदा तिच्या कुशीत निजायचंय."

ठाण्यात नवऱ्याने आधी उडवाउडवी केली. मग चिडून बोलून गेला, "लग्नाची बायको आहे माझी. तिला विचारायचं कशाला?" ठाण्याच्या मुन्शीने, कारकुनाने, ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. कायद्याने नवऱ्याला बलात्काराचं कलम लागत नव्हतं. मी क्रूरतेचं लावलं.

तिच्या वडिलांना तार केली. उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी आई आली. एकटी, दोन गाड्या बदलून. लेकीला पोटाशी धरून म्हणाली, "तुझं पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं गं मला. मी कळू दिलं नाही."

खटला रेंगाळला, पण मुलगी नवऱ्याकडे परतली नाही.

माहेर लांब, हातात स्वतःचा पैसा नाही, बोलायला माणूस नाही, अशी बाई समोर आली की पुढे मी फक्त मारहाणीचं विचारून कधी थांबलो नाही.

माझी थोरली बहीण माहेरपणाला यायची. सासरी जायच्या दिवशी तिला हटकून ताप भरायचा. आम्ही भावंडं तिची थट्टा करायचो. हे प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा ताई वारून सहा वर्षं झाली होती. अजूनही वाटतं, ती एकदा समोर येऊन बसावी आणि मी तिला त्या तापाचं विचारावं.