किटलीचा वास

दूधकट्ट्यावर म्हैस आपल्या डोळ्यांदेखत पिळतात, म्हणून मी रोज सकाळी राजारामपुरीतून स्कूटरवर तिथवर जातो. ज्याच्याकडून दूध घेतो त्या दूधवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पिळायला बसण्याआधी तो चरवी गिऱ्हाइकासमोर उपडी करतो, तळाला दोन थापा मारतो आणि म्हणतो, "बघा पावणं, थेंब न्हाय पाण्याचा."

न विचारता रिकामं भांडं दाखवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मी वाकून चरवीत बघतो. त्याचे हात इतके ओले का, फेस एवढा कशाचा, पान्हवायला म्हशीला सुई टोचत असेल का, सगळं निरखत उभा राहतो. वर्ष झालं, काही सापडलं नाही. त्यामुळे संशय वाढलाच.

परवा घरी दूध तापवताना फाटलं. काल रांगेत सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, "काय मिसळता हो ह्यात? कालचं दूध नासलं."

त्यानं चरवी खाली ठेवली, माझ्या हातातली किटली घेतली, झाकण काढलं आणि आत नाक घातलं.

"ह्यात ताक ठेवलंतं व्हय?"

ठेवलं होतं. वरवर विसळून तीच किटली मी परवाही दुधाला आणली होती.

"घासून आणा की. तवर थांबतो मी."

किटली परत घ्यायला मी हात पुढं केला. तेवढ्यात माझ्या मागं उभ्या असलेल्या मावशी पुढं आल्या आणि मी रोज चरवीत बघतो तशाच वाकून माझ्या किटलीत बघू लागल्या.