केस गळणाऱ्या कारागिराची खुर्ची

केस कापायच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधलं की ते आपोआप बोलायला लागतं. हात कापडाखाली अडकलेले, मोबाइल बघता येत नाही, मग करणार काय? पूर्वी लोक भाताबद्दल बोलायचे, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलायचे. माझे केस जायला लागल्यापासून सगळ्यांना एकच विषय. केस जेवढे गेले तेवढे किस्से जमले म्हणा ना!

तलासरी नाक्यावर आमचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. आतली खुर्ची सुधाकरकाकांची, म्हणजे मालकांची. दाराजवळची माझी. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी इथे आहे. आधी झाडलोट, मग टॉवेल धुणं, मग नुसती दाढी, असं करत करत ही खुर्ची मिळाली. गावी, वेवजीला, माझी आई कुणाला सांगताना "महेश दुकानात कामाला आहे" असं म्हणत नाही. "महेशची खुर्ची आहे तलासरीला" म्हणते.

आणि खुर्ची मिळाली तेव्हाच केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, अंघोळीच्या मोरीत. भुवयांची टोकंसुद्धा गेली.

*

पहिल्यांदा लक्षात आणून दिलं ते तहसीलमधल्या एका भाऊसाहेबांनी. माझी खुर्ची रिकामी होती. मी कापड झटकलं आणि म्हणालो, "बसा ना साहेब."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "नको नको, सावकाश होऊ दे. मी पेपर वाचतो."

काकांच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठायला वेळ होता. साहेबांनी बातम्या वाचल्या, राशिभविष्य वाचलं, छोट्या जाहिराती वाचल्या. मी कापड हातात धरून उभाच. शेवटी पेपरात काहीच उरलं नाही, तेव्हा ते पाणीपुरवठ्याची निविदा वाचायला लागले. तीसुद्धा मोठ्याने!

काका म्हणाले, "साहेब, टेंडर भरताय की दाढी करताय?"

तरी ते माझ्या खुर्चीत बसले नाहीत.

*

मग उपाय सुरू झाले. उपाय सांगायला आपल्याकडे कुणाला पैसे पडत नाहीत. आई म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळून झाली. माझा मित्र म्हणाला, "तुला दृष्ट लागायला आधी कुणीतरी तुझ्याकडे बघायला नको का?"

गुजरातेतल्या संजाणहून येणारे मनुभाई आमचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "दीकरा, कांद्याचा रस लाव. माझ्या साळ्याला असे केस आले, असे केस आले, के पूछो मत!"

मी रात्री रस लावला, सकाळी दोनदा डोकं धुतलं आणि दुकानात आलो. दुपारी ऊन तापलं, पंखा फिरायला लागला. एक ड्रायव्हर तोंडाला फेस लावून डोळे मिटून बसला होता. त्याने तसंच डोळे मिटून विचारलं, "काका, भजी कुठे तळताय? मलाबी एक प्लेट सांगा!"

पुढच्या वेळी मनुभाईंना विचारलं, की तुमच्या मेहुण्यांना एकदा दुकानात घेऊन या ना. ते म्हणाले, "ते ना, आता टोपी घालते."

*

डोक्यावर मध्ये मध्ये बेटं राहिली तेव्हा काका म्हणाले, "महेश, असलं अर्धवट बरं दिसत नाही. सगळंच काढू." त्यांनीच मशीन फिरवलं. मला वाटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक दारात थबकलं. माझ्या गुळगुळीत डोक्याकडे पाहून त्याने हळूच चपला काढल्या. आत येऊन माझा हात हातात घेतला.

"कधी झालं रे?"

मला वाटलं, केसांबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "काल संध्याकाळी."

"फार त्रास झाला का?"

"नाही. दहा मिनिटांत झालं."

त्याचे डोळे भरून आले. पेपर वाचायला बाकावर बसलेले दोघेही उठून उभे राहिले. एकाने विचारलं, "आई की बाबा?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बोलायला बुजरा, त्यात तीन माणसं रडवेली होऊन माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात खताची पिशवी खांद्यावर घेऊन माझे वडीलच दारात!

त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग माझं डोकं पाहिलं. त्यांना मी न सांगताच समजलं. पिशवी खाली ठेवत म्हणाले, "मी अजून हाय. दाढी करायला आलोय."

*

एवढं झाल्यावर काकांनीच मला डहाणूला डॉक्टरकडे पाठवलं. आमचं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये रांगेत सगळ्या बायका. मी एकटाच पुरुष, भिंतीला चिकटून उभा.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "थायरॉईड ना? मिसेस कुठेत?"

"मीच आहे."

"तुम्ही मिसेस आहात?"

अख्खी रांग हसली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पळून जावं. पण आगरहून आलेली एक मावशी, रिकामी मासळीची पाटी पायाशी ठेवून बसली होती, तिने सरकून मला जागा दिली. "बस रे बाबा. लाजतोस काय? आम्ही काय हौसेने आलोय?" मग तिने मला सगळं समजावलं. गोळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. "मी गोळी चहाबरोबर घ्यायची. गोळी बिचारी काय करंल? चहाच जिंकायचा!"

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, थायरॉईडचं काम मंदावलंय. त्यानेच केस जातात, त्यानेच थकवा येतो. केस येतील, पण सावकाश.

मी विचारलं, "गोळ्या किती दिवस?"

ते म्हणाले, "जेवण किती दिवस घेणार आहात?"

*

दुकानात बातमी पसरली. "हा तर बायकांचा आजार ना?" हे इतक्या जणांनी विचारलं, की मी नुसती मान हलवायला लागलो. एकाने तर माझ्या हातातल्या कंगव्याकडे बघून विचारलं, "हे लागतं का हो?"

माझ्याऐवजी काकाच भडकले. "लागलं असतं तर अख्खी तलासरी टकली झाली असती! मग मी दुकान कशावर चालवलं असतं?"

*

केसांचं सहन करता येतं. थकव्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. गोळी सुरू झाली तरी अंगात जीव यायला वेळ लागतो. सकाळी उठल्यावरच वाटायचं, दिवस संपलाय. उभ्या उभ्या डोळे मिटायचे. लोकांना ते आळसासारखं दिसतं, आणि सांगायला गेलं तर बहाण्यासारखं वाटतं.

एका दुपारी रेल्वेतले एक साहेब दाढीला बसले होते. काका चहा सांगायला बाहेर गेले होते. ते परत आले तर दुकानात चिडीचूप. साहेब आरशात टक लावून बघतायत, पापणी हलवत नाहीत. त्यांच्या गळ्यावर माझा वस्तरा. आणि मी डोळे मिटून उभा!

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "काका... ह्याला हळूच उठवा."

काकांनी आधी माझं मनगट धरलं, मग मला हाक मारली. साहेबांना साधं खरचटलंही नव्हतं, पण उरलेली अर्धी दाढी त्यांनी घरी जाऊन केली.

त्या संध्याकाळी काका शांतपणे बोलले. त्याचीच जास्त भीती वाटली. "महेश, केस नाहीत तर मी लोकांशी भांडेन. पण हातात वस्तरा आहे रे. पुन्हा झोपलेला दिसलास, तर ही खुर्ची मी भाच्याला देणार. तो उंबरगावला रिकामाच आहे."

चूक त्यांची नव्हती. मी घरी काही सांगितलं नाही. आईला काय सांगणार, की तुझ्या महेशची खुर्ची झोपेत गेली?

*

त्यानंतरची ही गोष्ट. दुपारची वेळ, काका जेवायला घरी गेलेले. एक बाई दारावरून पुढे गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. खांद्याला पर्स, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली.

मी म्हणालो, "मॅडम, लेडीज पार्लर पुढच्या गल्लीत आहे."

"तिथूनच आले. तिथली मुलगी मैत्रिणीला हाक मारून म्हणाली, 'इकडे ये, बघ गं.'"

त्या आत आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या. काकांची खुर्ची रिकामी असताना माझ्या! ओढणी सोडली. मी आरशात पाहिलं आणि नजर खाली घातली. मला ते डोकं ओळखीचं होतं.

"थायरॉईड ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "भुवयांवरून कळलं. माझ्या पेन्सिलच्या आहेत."

त्या कोसबाडला राहायच्या, शाळेत शिकवायच्या, शाळा इकडे तलासरीकडे. वर्गातली मुलं काही बोलत नाहीत, पण फळ्याकडे वळलं की मागे कुजबुज ऐकू येते म्हणाल्या.

"गोळी किती पॉवरची?" त्यांनी विचारलं.

"पन्नासची. तुमची?"

"शंभरची."

"मग तुम्ही सिनियर!" मी बोलून गेलो. बाईमाणसाशी मी आयुष्यात केलेला हा पहिला विनोद. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एकदम बारीक करा. रोज थोडे थोडे जाताना बघवत नाही."

मी कापड बांधलं. बाईमाणसाचे केस कधी कापले नव्हते, म्हणून सावकाश कापत गेलो. उजवी बाजू झाली. डावीकडे वळलो, तर त्यांची मान छातीवर आलेली. झोपल्या होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती झोप कसली असते, ते मला माहीत होतं. त्या झोपेतून कुणी उठवलं की रडू येतं.

कात्री खाली ठेवली. त्या उठेपर्यंत दोन मिनिटं टेकू म्हणून काकांच्या खुर्चीत बसलो.

जाग आली ती आवाजाने. डोळे किलकिले केले तर आरशात दार दिसत होतं. दारात काका. आणि काकांच्या मागे केसांना जेल लावलेला, नवी कोरी कात्री खिशात घेतलेला त्यांचा भाचा!

"मामा, बघा! हा तर तुमच्या खुर्चीत झोपलाय. आणि ही बाई कोण? अर्धेच केस कापलेत!"

उठायचंही सुचेना. मी डोळे घट्ट मिटून घेतले. काकांच्या चपला हळूहळू आत आल्या, माझ्याजवळ थांबल्या, मॅडमच्या खुर्चीजवळ थांबल्या. मग पंख्याचं बटण वाजलं आणि वारा वाढला. चपला पुन्हा दाराकडे गेल्या.

बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली. "काका, नंबर आहे का?"

"शू! हळू बोल," काका म्हणाले. "दोन्ही खुर्च्या भरल्यात. तासाभराने ये."