शेवटची पंगत

महेश्वरी कंडक्टर म्हणजे एक नव्हे, दोन बायका आहेत, असं तिच्या गाडीचा ड्रायव्हर रामकिसन म्हणतो. पहिली बाई गाडी भरलेली असताना दिसते. "पुढं सरा की! दारातच संसार मांडलाय व्हय?" अशी तिची हाक आली, की तुळजापूर ते नळदुर्ग पट्ट्यातली भलीभली माणसं मुकाट्यानं पुढं सरकतात. दुसरी बाई गाडी रिकामी झाल्यावर उगवते. ती खिडकीपाशी उभी राहून बाहेरच्या ज्वारीकडं अशी बघत राहते, की थांबा आला तरी घंटी वाजवायची शुद्ध तिला राहत नाही.

"मॅडम, कुठं गेल्ता?" रामकिसन आरशातून विचारतो.

"इथंच हाय की."

तिचं हे 'इथंच' बरंच लांबचं असतं, हे रामकिसनला एव्हाना कळलेलं आहे. तो हसतो आणि गाडी पुढं काढतो.

दिवाळीची ड्यूटी ती करते, दसऱ्याचीही करते, दुसऱ्यांच्या वाटणीचीसुद्धा करते. रजा मागते ती फक्त येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला या भागात गावंच्या गावं रानात जेवायला जातात, तीच ही येळवस. रजेचं कारण ती सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक हसतील. एकदा त्या दिवशी तिला रानात सगळ्यांसमक्ष शिव्या बसल्या होत्या. आयुष्यात तिला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, असं ती मानते. आता हे डेपोत कुणाला समजवायचं?

तंद्री लागायची सवय तिला लहानपणापासूनची. आई तिला आठवत नाही. आठवतं ते वाळत घातलेलं एक हिरवं लुगडं आणि त्यातून गाळून आलेलं ऊन. त्या उन्हात कुणीतरी गुणगुणत होतं. हे खरंच घडलं, की बालगृहातल्या एखाद्या दुपारी स्वप्नात पडलं, हे तिला सांगता यायचं नाही. पण डोळे मिटले की ते ऊन यायचं आणि मग ती त्यातच राहायची. जिला राहायला दुसरं कुठलं ठिकाण नाही, तिनं आणखी काय करावं?

बालगृहातून मुलं संगोपनाला देतात. एखादं कुटुंब मूल घरी नेतं, सांभाळतं, बालकल्याण समितीच्या बाई अधूनमधून येऊन बघून जातात. जमलं तर मूल राहतं, नाही जमलं तर परत येतं. सोय चांगली आहे, कित्येक पोरांचं त्यातून भलं झालंय. महेश्वरीला मात्र दोनदा परत यावं लागलं. आधी बेंबळीत एका बिनलेकराच्या जोडप्याकडं होती. त्यांच्या घरात पाळणा हलला, आणि तिला नवा फ्रॉक घालून त्यांनी परत आणून सोडलं. "तिथं तुला मैत्रिणी मिळतील गं," बाई डोळे पुसत म्हणाली. मग ईटला गेली. तिथं खव्याची भट्टी होती, दिवसभर दुधाची वाफ घरात ढगासारखी फिरायची आणि त्या ढगात बसलेली एक म्हातारी तिला जवळ घेऊन निजायची. म्हातारी गेली. तिच्या लेकांना पोरीचं काय करायचं ते सुचेना. माणसं दोन्हीकडची वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर पोरीला त्यांचा राग तरी धरता आला असता.

दोन घरांतून ती एकच शहाणपण शिकली. नवीन असताना आपल्याला सगळ्यांच्या आधी वाढतात. साखर जास्त, तूप जास्त. मग कधीतरी ताट मागं पडायला लागतं. आधी बाळाचं, मग घरच्यांचं, मग आपलं. ताट मागं पडलं, की पिशवी भरायची वेळ आली म्हणून समजायचं.

अकराव्या वर्षी ती नळदुर्गाजवळच्या एका वस्तीवर आली. शिवलिंगप्पा आणि मल्लम्मा, दोघं चाळिशीपुढचे, हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं थोडं रान. शिवलिंगप्पा कमी बोलायचा. मल्लम्मा त्याच्याही वाटणीचं बोलायची, नवऱ्याशी कानडीत आणि महेश्वरीशी जपून, एकेक शब्द निवडून, मराठीत. "जेव बाळ. आणखी घे बाळ." पहिलं ताट महेश्वरीचं. पोरगी मान खाली घालून जेवायची आणि आतल्या आत म्हणायची, चला, अजून तरी ठीक आहे. तिनं त्या दोघांना काहीच हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. नाव दिलं की सोडताना जड जातं. समोर जाऊन उभं राहायचं, म्हणजे आपोआप बघतात.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी शिवलिंगप्पा गोठ्यापाशी म्हणाला, "सोमवारी समितीच्या बाई येणार हाईत. काय त्ये एकदाच सांगून टाकू." मल्लम्मा नुसतं "हूं" म्हणाली. भिंतीआड उभ्या असलेल्या महेश्वरीनं ते ऐकलं. एकदाच सांगून टाकायचं म्हणजे काय, हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. चुन्यानं रंगवलेली आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकं, शिवलिंगप्पानं डोक्यावर घेतली आणि ती तिघं धुक्यातून रानाकडं निघाली. पुढचा माणूस दिसत नव्हता, त्याची नुसती बिंदगी हवेत तरंगत चाललेली दिसायची. मागून-पुढून बैलगाड्या वाजत होत्या, पण गाड्या नव्हत्याच, फक्त घुंगरं. ही सगळी माणसं ढगात राहायला निघालीत, असं महेश्वरीला वाटलं, आणि क्षणभर ती सोमवार विसरली.

ऊन आलं तशी ज्वारी वर आली. रानाच्या मध्ये कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारलेली, आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले. ते पांडव. त्यांची पूजा झाली, शिवलिंगप्पानं आरोळ्या देत पिकाभोवती आंबील शिंपडली, आणि मग माणसं यायला लागली. ज्याला रान नाही त्याला या दिवशी कुणाच्याही रानात जेवायचा हक्क असतो. नळदुर्गातले शिक्षक आले, टायरवाले आले, ढाब्यावरची पोरं आली. सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर, आंबिलाचे तांबेच्या तांबे.

पहिली पंगत बसली, तशी सवयीनं महेश्वरीही कडेला बसली. मल्लम्मा वाढत वाढत तिच्यापाशी आली आणि भरल्या हातानं थांबली.

"तू न्हाय. ऊठ. पाणी वाढ."

पोरगी उठली. पाणी वाढलं. दुसरी पंगत बसली. मल्लम्मानं पोळ्यांची दुरडी तिच्या हातात दिली. तिसऱ्या पंगतीला तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अनोळखी माणसं हात धरधरून बसवली जात होती, "आणखी एक पोळी, माझी शपथ हाय" असं चाललं होतं, आणि तिच्यासाठी कुणी पान मांडत नव्हतं. घासभरसुद्धा नाही. ताट मागं पडलं होतं, नुसतं मागं नव्हे, पार नाहीसंच झालं होतं. तिनं दुरडी हळूच कोपीच्या कडेला ठेवली आणि ज्वारीत शिरली. त्यांनी सांगायच्या आधी आपणच गेलेलं बरं. निदान या वेळी तरी.

पिशवी घ्यायला ती वस्तीवर आली. आणि तिथं तिला ते दिसलं, जे तिनं पुढं कितीतरी वेळा स्वप्नात पाहिलं. सगळी वस्ती रिकामी होती. एकेका दाराला कुलूप. चुली गार. दोरीवरची धुणी आपली आपण हलत होती, एक कुत्रं वाटेच्या मधोमध झोपलं होतं आणि उन्हाला कसलाच आवाज नव्हता. पोरगी प्रत्येक दारापुढं थोडी थोडी थांबली. आज कुणीच कुणाच्या घरात नाही. आजच्या दिवस सगळं गाव माझ्यासारखं आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार बरं वाटलं. रडू मात्र त्याच वेळी आलं. मल्लम्माच्या दाराचं कुलूप तिनं ओढून पाहिलं. ते काही उघडेना. पिशवी आत, किल्ली मल्लम्माच्या कमरेला.

पिशवीशिवाय कुठं जाणार? ती ओढ्याकडच्या वाटेनं नुसती चालत राहिली. तिकडं धोंडप्पाचं रान होतं. पांढऱ्या मिशांच्या धोंडप्पानं बांधावरूनच हाळी दिली, "ए पोरी, जेवलीस का? न्हाय? मग चाललीस कुठं? आज कुणी उपाशी जात नसतंय!"

त्यानं तिला पहिल्या पानावर बसवलं. सगळ्यांच्या आधी वाढलं. तूप जास्त, खीर जास्त. भुकेनं तिचा जीव चालला होता, ती पोटभर जेवली. आणि जेवता जेवता तिला कळेना, की हे सगळं इतकं गोड असून घशाखाली उतरायला इतकं जड का जातंय.

"कुणाची गं तू?" धोंडप्पानं विचारलं.

तिनं खाली बघितलं. उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण बांधावरून मल्लम्मा येत होती. पदर सुटलेला, केसांत कडब्याच्या काड्या, पायांत चप्पल नाही. आली ती थेट पंगतीत घुसली, पोरीचं मनगट धरलं आणि सुरू झाली. सगळं कानडीत! जपून निवडलेले शब्द गेले कुठल्या कुठं. त्या सरबत्तीतलं महेश्वरीला एकच कळत होतं, 'ऊटा', म्हणजे जेवण. पंगतीतले लोक घास हातात धरून बघत राहिले. इतकं मोठ्यानं तिला कधी कुणी बोललं नव्हतं. बेंबळीत नाही, ईटला नाही. तिच्यावर ओरडायचा हक्क आजवर कुणी घेतलाच नव्हता.

दम लागला तेव्हा मल्लम्मा मराठीत आली. "विहिरीत वाकून बघितलं गं मी! दोन्ही विहिरीत बघितलं! आणि तू हितं खीर खात बसलीस?"

"मला... मला वाढलं न्हाय कुणी," पोरगी कशीबशी म्हणाली.

"कसं वाढतील? पाहुणे जेवायचे हाईत अजून! घरच्यांनी आधी जेवायचं असतंय व्हय येळवशीला?"

धोंडप्पा मिशीत हसला. "घिऊन जा बाई तुझी लेक," तो म्हणाला. "म्या पाहुणी समजून वाढलं."

परत येईपर्यंत दिवस कलला होता. रानातली माणसं पांगली होती. कोपीपुढं शिवलिंगप्पा एकटाच बसला होता आणि त्याच्यापुढं तीन ताटं झाकून ठेवलेली होती. सकाळपासून त्या दोघांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यानं पोरीकडं बघितलं आणि रागावला वगैरे नाही. "बसा आता," एवढंच म्हणाला, "लई भूक लागलीय."

महेश्वरीचं पोट धोंडप्पाच्या खिरीनं गच्च झालं होतं. तरी ती बसली आणि जेवली. गार भज्जी, वाळलेली पोळी, तळाशी उरलेली आंबील, सगळं संपवलं. पोट दुखायला लागलं तरी उठली नाही. तिला मधेच हुंदका येत होता, मधेच हसू येत होतं, आणि मल्लम्मा जेवता जेवता अजूनही कानडीत पुटपुटत होती. अंधार पडता पडता शेजारच्या रानांतून पेटते हेंडगे, म्हणजे गवताचे पलिते, पिकांभोवती धावायला लागले. ज्वारीच्या मागून उजेड आपले आपण पळत होते. पोरगी मल्लम्माच्या मांडीला टेकून ते बघत राहिली, आणि हे स्वप्न आहे की काय ते ठरवायची तिला घाई नव्हती.

सोमवारी समितीच्या बाई आल्या. शिवलिंगप्पानं काय ते एकदाच सांगून टाकलं, की पोरगी आता आमच्याकडंच राहू द्या, कायमची. बाई म्हणाल्या, तुमचं झालं, आता तिचं ऐकते. मल्लम्माला त्यांनी दाराबाहेर बसायला सांगितलं आणि पोरीला जवळ घेतलं. मल्लम्मा उंबऱ्यापलीकडं धान्य पाखडत बसली, कान आत लावून.

"वेळेवर जेवायला मिळतं का गं?"

"न्हाय," महेश्वरी म्हणाली.

बाहेर मल्लम्माच्या हातातलं धान्याचं सूप थांबलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे? कधी मिळतं?"

"येळवशीला तर पार दिवस कलल्यावर मिळालं." पोरीची मान ताठ होती, शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं तसा तिचा चेहरा. "आधी सगळी जेवली. गावातली, ढाब्यावरची, सगळी. पाणी म्या वाढलं. मग शेवटच्या पंगतीला आमी तिघं बसलो."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "परत यायचंय का तुला बालगृहात?"

"कशी येऊ?" महेश्वरी म्हणाली. "पुढच्या येळवशीला पाहुण्यांना पाणी कोण वाढंल?"