अण्णांच्या गाडीला बसवलेला पंप

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. म्हणजे तोंडातून शब्द यायचे, पण भलतेच. चहा हवा असला की ‘खिडकी’ म्हणायचे, मला हाक मारायची असली की ‘सोमवार’. आपण चुकीचं बोललो हे त्यांना लगेच कळायचं. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

कालव्याच्या खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. देश सोडून जाता जाता एका गोऱ्या साहेबाने विकलेली जुनी विलायती गाडी त्यांनी पंचवीस वर्षं स्वतःच्या हाताने चालती ठेवली होती. तिच्या इंजिनाला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. आम्ही कोल्हारला राहायचो. आई नव्हती, मी गावातल्या शाळेत शिकवायचे. दर पंधरवड्याला अण्णांना नगरच्या दवाखान्यात न्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. एसटीत त्यांना चढवताना पहिल्याच खेपेला दोघा माणसांनी काखेत धरून वर ओढलं, आणि त्या गर्दीत त्यांचं धोतर सुटलं. पुन्हा एसटीने जायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पण गाडी बंद पडलेली. इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला रबरी पडदा फाटला होता. तसा पडदा नगरला मिळेना, पुण्यालाही मिळेना. शेवटी मनमाड रस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी तोड काढली.

“ताई, ह्यो जुना पंप काढून टाकू. बॅटरीवर चालनारा बसवू. माझ्याकडं हाय एक, मोडीतल्या गाडीचा.”

मी अण्णांना विचारलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला आजही सांगता येणार नाही. मी होकार धरला.

रविवारी सकाळी मिस्त्री आले. अण्णांची खुर्ची मी ओसरीवर, गाडीच्या अगदी समोर आणून ठेवली. मिस्त्रींनी जुना पंप काढला, तिथलं भोक पत्र्याने बंद केलं, नवा पंप बॉनेटच्या आतल्या पत्र्याच्या भिंतीला स्क्रूने आवळला, नळ्या जोडल्या, बॅटरीपासून तार आणली. दर वेळी अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून थोडा उचलला जायचा आणि पुन्हा खाली यायचा.

किल्ली फिरवली तसा पंप टकटक वाजू लागला. मिस्त्री खूश झाले. “बगा ताई, जीव आला!”

टकटक चालूच राहिली. अण्णा कान देऊन ऐकत होते. एकदम ते म्हणाले, “पाणी.”

कधी नव्हे तो बरोबर शब्द आला असं वाटून मी धावत जाऊन फुलपात्र भरून आणलं. त्यांनी तोंड फिरवलं. “पाणी! पाणी!” मी पुन्हा ओठांना लावलं. त्यांनी डाव्या हाताने ते उडवलं. माझं पातळ भिजलं.

“साहेबास्नी ऊन लागलं असंल, आत न्या,” मिस्त्री म्हणाले आणि स्टार्टर मारायला बसले.

मी दुसरं फुलपात्र भरून बाहेर येते न येते तोच इंजिनातून फाडकन आवाज आला आणि बॉनेटखालून जाळ उठला. कार्बोरेटरमधली छोटी टाकी भरल्यावर पंप थांबायला हवा होता, तो थांबलाच नव्हता. कार्बोरेटर ओसंडून पेट्रोल खाली ठिबकत होतं. उभ्या माणसाला ते दिसत नव्हतं, खुर्चीत बसलेल्याला दिसत होतं.

मी हातातलं पाणी फेकायला धावले.

“पानी नका टाकू! आग पसरंल!” मिस्त्री ओरडले. तार उपटून त्यांनी गोणपाट टाकलं, वर ओंजळीने माती ओतली. मी फुलपात्र धरून नुसती उभी. मागे काहीतरी धपकन पडलं. अण्णा उठायला गेले होते. ओसरीच्या फरशीवर ते कुशीवर पडले होते आणि त्यांचा पाय खुर्चीत अडकला होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. विझेपर्यंत आम्ही दोघं तसेच बघत राहिलो.

मिस्त्रींचे दोन्ही तळहात भाजले होते. तरी ते अण्णांपाशी येऊन उकिडवे बसले. “साहेब, तुमी सांगत हुता. मला कळलं न्हाई.” अण्णा रडायला लागले. आजारपणात ते पहिल्यांदाच रडले.

महिन्याभराने मिस्त्री परत आले. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई बदलली, पंपाचा दाब कमी केला आणि या खेपेला प्रत्येक जोडणी अण्णांच्या डोळ्यांपुढे नेऊन दाखवली. अण्णांनी कशाकडेच पाहिलं नाही.

गाडी चालू झाली. मिस्त्रींनीच ती नगरपर्यंत चालवली, मी अण्णांना धरून मागे बसले. राहुरी गेल्यावर ते बोलू लागले. डाव्या हाताने इंजिनाकडे, रस्त्याकडे, माझ्याकडे दाखवत सलग बोलत होते, आणि त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली, उतरून सगळं तपासलं, कुठे काही नव्हतं. मी काही न कळताच “हो अण्णा, हो,” म्हणत राहिले. त्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बोलणं थांबवून त्यांनी काचेकडे मान वळवली.